जुन्या यंत्रावरची नवी भाषा

भाची एका छोट्या कंपनीत पाच जणांची टीम सांभाळते. दुकानदारांकडे आलेले यूपीआयचे पैसे आणि बँकेकडून रोज येणारी फाइल यांचा मेळ घालायचा, हे त्यांचं काम. मामाने उमेदीची वर्षं टेलिकॉमच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली बरीचशी एरलँग भाषेत. निवृत्तीनंतर तो ग्लीम नावाच्या नव्या फंक्शनल भाषेच्या नादी लागला आहे. एरवी अशा जोडीत तरुण माणूस नव्यामागे धावतो आणि वडीलधारं माणूस ब्रेक लावतं. इथे उलटं आहे, आणि मला ते स्वाभाविक वाटतं. ज्याला रात्री दोन वाजता कोणी फोन करत नाही, त्यालाच नव्या भाषेच्या प्रेमात पडणं परवडतं. बोलणं कोथरूडला मामाच्या घरी झालं. मी तिथे होतो. जिथे मला राहवलं नाही ते कंसात दिलं आहे.

भाची — आधी एवढंच सांग, एलिक्सर असताना ग्लीम कशाला? ते २०१४ला १.० झालं, वेबसाठी फिनिक्स आहे, डेटाबेससाठी एक्टो आहे, माणसं मिळतात. तेही तुझ्या त्याच बीमवर, म्हणजे एरलँगच्या यंत्रावर, चालतं.

मामा — एलिक्सरला मी कधी नावं ठेवली? पण तिथे टाइप मागाहून येतायत. कंपायलर ते बघायला लागला तो २०२४ मध्ये, तोही हळूहळू, जुना कोड न मोडता. ग्लीममध्ये ते पहिल्या दिवसापासून आहेत. नल नाही, एक्सेप्शन नाही. चूक होऊ शकते असं फंक्शन ‘रिझल्ट’ परत करतं, आणि त्याच्या आत बघितल्याशिवाय तुला पुढे जाता येत नाही.

भाची — हे रस्टवालेही सांगतात, हास्केलवालेही सांगतात.

मामा — त्यांच्याकडे बीम नाही. अगं, या यंत्रावर टाइप बसवायची धडपड किती जुनी आहे, कल्पना आहे का तुला? १९८६च्या सुमाराला एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी एरलँगवर काम सुरू केलं. टाइपची तपासणी नव्हती. १९९७ मध्ये सायमन मार्लो आणि फिलिप वॉडलर, म्हणजे हास्केलच्या दुनियेतली बडी माणसं, एरलँगला टाइप बसवायला निघाली. फंक्शनांचं जमवलं त्यांनी, पण प्रोसेस एकमेकींना जे निरोप पाठवतात तिथे हात टेकले. आणि एरलँगमधून निरोप काढले तर उरतं काय? नंतर चुका हुडकणारा डायलायझर आला. तो फक्त नक्की चूक असेल तेव्हाच बोलतो, शंका असली तर गप्प. आम्ही तो रात्री चालवून ठेवायचो आणि सकाळी बघायचो.

भाची — आणि ग्लीमने निरोपांचं कोडं सोडवलं?

मामा — थाटामाटाने नाही, साधेपणाने. मूळ एरलँगमध्ये प्रोसेसचा पत्ता माहीत असला की कोणीही तिला काहीही पाठवावं. ग्लीमच्या लायब्ररीत त्याऐवजी ‘सब्जेक्ट’ असतो. तो सब्जेक्ट कुठल्या टाइपचे निरोप घेतो हे त्याच्याच टाइपमध्ये लिहिलेलं असतं. भलता निरोप पाठवलास तर प्रोग्राम तयारच होत नाही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दहा मिनिटं नुसता चुकीचे निरोप पाठवून बघत होतो.

भाची — लहान मूल दिव्याचं बटण दाबत बसतं तसा. पण ओटीपी पूर्ण आलंय का त्यात?

(बँकेचा ओटीपी नव्हे. एरलँगबरोबर येणारा लायब्ररींचा आणि रिवाजांचा तो संच. बीमवर टिकाऊ काही बांधायचं तर तोच पाया.)

मामा — ॲक्टर आहेत, सुपरवायझर आहेत. एरलँगमधली प्रत्येक गोष्ट नाही. चालू सिस्टिममध्ये कोड बदलायची करामत आम्ही करायचो, तिच्यावर ग्लीमचं टाइपशास्त्र काही बोलत नाही.

भाची — ती करामत मला नकोच आहे. आम्ही नवा कंटेनर चढवतो आणि जुना उतरवतो. मला दुसरंच काहीतरी टोचतंय. गेल्या आठवड्यात तू पाठवलेलं सगळं वाचलं. ग्लीममध्ये एकाला शून्याने भागलं तर उत्तर काय येतं?

मामा — शून्य.

भाची — शून्य! एरर नाही, क्रॅश नाही. समजा, एखाद्या दुकानदाराचा त्या दिवशी एकही व्यवहार झाला नाही. सरासरी काढायला एकूण रक्कम भागिले व्यवहारांची संख्या, म्हणजे शून्य भागिले शून्य. रिपोर्टमध्ये सरासरी शून्य रुपये, अगदी साळसूद. तो दुकानदार मला विचारणार, ‘ताई, माझी सरासरी शून्य कशी?’ त्याच्याही पुढचं ऐक. एखाद्या बगमुळे व्यवहारांची संख्या शून्य आली आणि रक्कम मात्र दोन लाख असली, तरी उत्तर शून्यच. तुझ्या एरलँगमध्ये काय झालं असतं?

मामा — प्रोसेस पडली असती. सुपरवायझरने नवी उभी केली असती. लॉगमध्ये अंकगणिताची चूक म्हणून ओळ दिसली असती.

भाची — मग? ‘पडू दे, पण बोंबलून पडू दे’ हे मला तूच शिकवलंस.

मामा — त्यांचं म्हणणं असं, की भागाकार हा साधा ऑपरेटर आहे. एक्सेप्शन भाषेत नाहीच, त्यामुळे त्याला काहीतरी उत्तर देणं भाग आहे. प्रत्येक भागाकाराला रिझल्ट लावला तर हिशेबाची ओळ वाचता येणार नाही. ज्याला काळजी आहे त्याने लायब्ररीतलं ‘इंट.डिव्हाइड’ वापरावं, ते रिझल्ट देतं.

भाची — म्हणजे सुरक्षित वाट आहे, पण ती लांबची. जवळची वाट गुपचूप चुकते. बाकी सगळ्या भाषेचा स्वभाव याच्या बरोब्बर उलटा आहे ना?

मामा — आहे. मला ते पटवून घ्यावं लागतं, आपोआप पटत नाही.

(मलाही नाही. गणिती तर्क निर्दोष आहे आणि गणिताचे पुरावे तपासणाऱ्या काही सिस्टिमही शून्याने भागल्यावर शून्यच देतात. पण पुरावा तपासणं वेगळं आणि दुकानदाराचा गल्ला मोजणं वेगळं.)

मामा — आता माझी बाजू ऐक. तुमच्याकडे व्यवहाराच्या स्थिती किती?

भाची — तीन होत्या. झाला, फसला, लटकला. मग बँकेच्या फाइलमध्ये चौथी यायला लागली. देणाऱ्याच्या खात्यातून पैसे कापले गेले, पण घेणाऱ्याच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही. अशा वेळी सध्या झाला असं धरायचं, खरं काय ते नंतर कळतं.

मामा — ती चौथी तुम्ही कोडमध्ये घातलीत तेव्हा काय झालं?

भाची — काय व्हायचं? शोधून शोधून घातली. रिफंडच्या कोडमध्ये राहिली. ‘बाकी सगळं म्हणजे फसला’ असा एल्स होता तिथे.

मामा — ग्लीममध्ये तू टाइपच्या यादीत चौथं नाव लिहितेस आणि सेव्ह करतेस. जिथे जिथे त्या टाइपवर ‘केस’ लावलाय, तिथे तिथे कंपायलर अडतो. ओळ दाखवतो, सुटलेला पॅटर्न नावानिशी लिहून देतो. एडिटरमध्ये त्या ओळीवर गेलीस तर लँग्वेज सर्व्हर म्हणतो, सुटलेले पॅटर्न घालू का? तू हो म्हणायचं. प्रत्येक ठिकाणी नवी फांदी येते, तिच्यात ‘टूडू’ लिहिलेलं. आता प्रोग्राम बनतो, पण प्रत्येक टूडूची वॉर्निंग येत राहते. त्या वॉर्निंगा म्हणजेच तुझी कामाची यादी. एकेक भरत जायचं. तुमचा रिफंडचा बग यात जन्मालाच आला नसता.

भाची — आला असता. ‘केस’च्या शेवटी अंडरस्कोर टाकून ‘बाकी सगळं’ म्हणता येतं ना? माझ्या टीममधला एक जण पहिल्याच दिवशी टाकेल. मग कंपायलर गप्प.

मामा — …ते खरं आहे.

भाची — भाषा सांगते तेवढंच तू ऐकवतोस. माणसं काय करतात ते मला बघावं लागतं.

मामा — मग नियम कर, स्थितीच्या केसमध्ये अंडरस्कोर चालणार नाही म्हणून. रिव्ह्यूमध्ये तो डोळ्यात भरतो. एल्स भरला नसता, कारण एल्स सगळीकडेच असतो. ग्लीममध्ये इफ-एल्सच नाही.

भाची — हो, तेही पाहिलं. लूप नाही, रिटर्न नाही. सगळं केस आणि रिकर्शन. लिस्ट लावायची तर तुलना कशी करायची ते फंक्शन दर वेळी हातात द्यायचं. पूर्णांकांची बेरीज वेगळी, दशांशांची वेगळी, टिंब लावून. मॅक्रो नाहीत. भाषा आहे की उपवास?

मामा — उपवासच. म्हणून तर मी एका शनिवार-रविवारात सगळी भाषा वाचून काढली. तुझ्याकडे येणारी नवी पोरं पण काढतील. लुईस पिलफोल्डने २०१९ला पहिली आवृत्ती काढली, ४ मार्च २०२४ला १.० झाली, आणि तेव्हाच त्यांनी सांगितलं की भाषा लहानच ठेवायची, जुना कोड मोडायचा नाही. पुढची मेहनत जास्त करून हत्यारांवर. मला विचारशील तर खरी मजा भाषेत नाही, हत्यारांत आहे. रस्टमध्ये लिहिलेली एक एक्झिक्युटेबल फाइल. तिच्यातच कंपायलर, तिच्यातच पॅकेज मॅनेजर, टेस्ट चालवणारा, फॉरमॅटर, लँग्वेज सर्व्हर, डॉक्युमेंटेशन बनवणारा. ‘ग्लीम न्यू’ म्हटलं की प्रोजेक्ट तयार, ‘ग्लीम टेस्ट’ म्हटलं की टेस्ट चालल्या. आम्ही एरलँगमध्ये मेकफाइली लिहून बोटं झिजवली.

भाची — फॉरमॅटरचं मात्र मला आवडलं. एकही सेटिंग नाही. आमच्याकडे टॅब की स्पेस यावर दोन जण एकमेकांशी बोलत नव्हते.

मामा — जेसनचं बघितलंस का?

भाची — बघितलं, आणि कपाळाला हात लावला. बँकेच्या एपीआयमधून वीस फील्डांचं जेसन येतं, तर वीस फील्डांचा डीकोडर हाताने लिहायचा. पायथॉनमध्ये एक ओळ.

मामा — पायथॉनमधली ती एक ओळ म्हणजे बँकेवर आंधळा विश्वास. आणि हाताने लिहायची गरज नाही आता. टाइप लिहायचा, त्यावर कर्सर ठेवायचा, लँग्वेज सर्व्हर डीकोडर लिहून देतो.

भाची — दिला त्याने, करून बघितलं. आणि त्यात प्रत्येक फील्डच्या पुढे ‘यूज’. आमच्यातल्या जावास्क्रिप्टवाल्याने ते वाचलं आणि खात्रीने सांगितलं की हे अवेट आहे. मी त्याला समजावलं, की यूजच्या खालच्या सगळ्या ओळी उचलून एका फंक्शनमध्ये घातल्या जातात आणि ते फंक्शन वरच्याला दिलं जातं. तो म्हणाला, मग तसंच का नाही लिहायचं?

मामा — तसं लिहिलं तर कंस उजव्या कडेला जाऊन भिंतीला टेकतात. सर्व्हरला सांग, तो यूज उलगडून साधं फंक्शन करून दाखवतो. दोन्हीकडून बदलता येतं. त्या पोराला एकदा उलगडून दाखव.

भाची — दाखवते. पण डीबगर नाही. एकेक ओळ थांबवत जायची सोय नाही. ‘एको’ लिहायचं, छापून बघायचं. ग्लीमचा स्वतःचा शेल नाही. ‘ग्लीम शेल’ म्हटलं तर एरलँगचाच शेल उघडतो. आणि एआयचा मदतनीस? तो बिनधास्त जुनं डीकोडिंग लिहून देतो, लायब्ररीतून केव्हाच काढलेलं. रिॲक्टचं विचारलं तर कसा सराईत असतो!

मामा — निदान कंपायलर त्याला लगेच पकडतो. जावास्क्रिप्टमध्ये त्याची थाप प्रॉडक्शनपर्यंत जाते.

भाची — हा मुद्दा मान्य. बरं, डेटाबेस. एलिक्सरच्या लायब्ररी ग्लीममधून वापरता येतात म्हणालास. मग एक्टो वापरता येईल?

मामा — नाही. एक्टो बहुतेक मॅक्रोंवर उभं आहे आणि मॅक्रो ग्लीममधून बोलावता येत नाहीत. पण स्क्विरल बघ. तू एसक्यूएल वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं, साधं, जसं तुला लिहिता येतं तसं. स्क्विरल तुझ्या पोस्टग्रेसला जोडतो, क्वेरी काय घेते आणि काय देते ते डेटाबेसलाच विचारतो, आणि तेवढ्या टाइपचं ग्लीमचं फंक्शन बनवून ठेवतो. टेबलाचा कॉलम बदललास आणि ते परत चालवलंस, तर ज्या ज्या ठिकाणी फरक पडतो तिथे कंपायलर ओरडतो.

भाची — हे मी आजच बघते. हे एलिक्सरपेक्षा मला आवडेल, कारण आमच्या टीमला एसक्यूएल चांगलं येतं.

(इथे पहिल्यांदा तिने वहीत काहीतरी लिहिलं. मामाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.)

भाची — आता खरा प्रश्न. तुला एल्म आठवतं?

मामा — आठवतं.

भाची — एव्हान झाप्लिकीने बनवलेली. अशीच सुंदर, छोटी, फंक्शनल भाषा. एरर मेसेज तर इतके गोड की लोक त्यांचे स्क्रीनशॉट काढायचे. २०१८ला ०.१९ आली आणि बाहेरच्या लोकांना थेट जावास्क्रिप्ट जोडायची वाट बंद झाली. ज्यांचा कोड त्यावर उभा होता ते अडकले. २०१९ला ०.१९.१ आली, आणि मग वर्षानुवर्षं नवी आवृत्ती नाही. भाषेचा दोष कोणीच सांगत नाही. पण एका माणसाच्या मर्जीवर मी माझ्या टीमचं घर बांधू का? ग्लीमलाही शेवटी पिलफोल्डच आहे.

मामा — तो पुढाकार घेतो, पण कंपायलरवर हात चालवणारे बरेच आहेत. आणि एल्मचा २०१९चा कोड आजही चालतो, हे विसरू नकोस. तरी तुझा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर ग्लीमने एका शब्दात दिलंय. ‘एक्स्टर्नल’.

भाची — त्यावरच येणार होते मी. एक्स्टर्नल म्हणजे, हे फंक्शन एरलँगमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलंय, त्याचा टाइप असा आहे, माझ्यावर विश्वास ठेव. आणि कंपायलर ठेवतो! तपासत नाही. मी लिहिलं की हे स्ट्रिंग देतं आणि आलं भलतंच, तर तुझे सगळे टाइप, सगळे रिझल्ट, सगळी शपथ तिथे संपली. कुठेतरी चार फायली पुढे जाऊन क्रॅश होणार, आणि ट्रेसमध्ये नावं दिसणार मॉड्यूलच्या मधे ‘ॲट’ घातलेली, एरलँगच्या थाटाची.

मामा — ती मला वाचता येतात.

भाची — तुला. मला रात्री दोनला नाही.

मामा — थांब, पूर्ण ऐक. एल्मने ही भोकं बुजवली. त्यामुळे एल्मची हमी पक्की राहिली आणि माणसं आत कोंडली गेली. ग्लीमने भोक उघडं ठेवलं. हमी गळते ती तिथूनच, आणि भाषा उद्या थांबली तर बाहेर पडायचं तेही तिथूनच. तुला लायब्ररी मिळाली नाही, एरलँगची घे, चार ओळींचं एक्स्टर्नल लिही. आणि सगळंच सोडायची वेळ आली तर ‘बिल्ड’च्या फोल्डरमध्ये जाऊन बघ, ग्लीमने बनवलेलं एरलँग तिथे पडलंय. अगम्य बाइटकोड नव्हे, एरलँगचा वाचता येणारा कोड. नावांमागे आकडे चिकटलेले असतात, पाइपच्या जागी विचित्र व्हेरिएबल असतात, पण वाचता येतो. तो उचलून पुढे चालता येतं. आणि खालचं यंत्र तर जुनंजाणतं आहे. व्हॉट्सॲपने २०१२ मध्येच त्यावर एका सर्व्हरवर वीस लाख कनेक्शन एका वेळी धरली होती.

भाची — म्हणजे तू म्हणतोस, धोका भाषेच्या वयात नाही, त्या दारात आहे.

मामा — दार किती वेळा उघडायचं, कोणी उघडायचं, यात आहे. ते ठरवणं तुझं काम.

(माझ्या मते या सगळ्या वादातली ही सगळ्यात कामाची गोष्ट, आणि भाषेची जाहिरात करणारे तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. २०२५च्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या सर्वेक्षणात ‘वापरली आणि पुढेही वापरावीशी वाटते’ यात ग्लीम रस्टच्या खालोखाल होती. पण ज्यांनी हौसेने निवडली त्यांना ती आवडणारच. ज्यांच्यावर ती कामावर लादली जाईल त्यांचं सर्वेक्षण अजून व्हायचंय.)

भाची — माणसं कुठून आणू? पुण्यात एलिक्सरवाले शोधता शोधता नाकी नऊ येतात. ग्लीमचा अनुभव असलेला तर मला एकच माहीत आहे, आणि तो माझ्यासमोर चहा पितोय.

मामा — अनुभवी मागू नकोस. चांगली माणसं घे आणि शिकव. दोन आठवडे दे.

भाची — दोन आठवड्यांत भाषा येते, बीम येत नाही. मेलबॉक्स तुंबल्यावर काय करायचं, सुपरवायझर एकसारखा प्रोसेस उठवत राहिला तर काय बघायचं, हे तुला किती वर्षांनी कळलं?

मामा — बऱ्याच वर्षांनी.

भाची — तेच. म्हणून मी असं ठरवतेय. बँकेची रोजची फाइल वाचायची, तपासायची, तिच्या नोंदी डेटाबेसमध्ये टाकायच्या, एवढी एकच सर्व्हिस ग्लीममध्ये. स्थितीच्या केसमध्ये अंडरस्कोर बंद. भागाकार फक्त इंट.डिव्हाइडने. सगळे एक्स्टर्नल एकाच मॉड्यूलमध्ये, आणि त्यात काही बदललं तर रिव्ह्यूला दोन सह्या. एरलँगमधून जे येईल ते त्या मॉड्यूलमध्येच डीकोडरमधून काढायचं, मग आत घ्यायचं.

मामा — फाइल वाचायला एकही प्रोसेस लागत नाही. सब्जेक्ट नाही, ॲक्टर नाही, सुपरवायझर नाही. बीमवर येऊन तू बीमचं काहीच वापरणार नाहीस? मग हे पायथॉनमध्येच कर की.

भाची — पायथॉनमध्ये बँकेने उद्या पाचवी स्थिती पाठवायला सुरुवात केली तर मला कोण सांगेल?

मामा — आणि बँकेचं उत्तर यायला उशीर होतो, तेव्हा परत परत विचारणारा भाग? तो ॲक्टरसाठीच जन्मलाय. तो तरी दे.

भाची — तो आत्ता पायथॉनमध्ये क्रॉनवर चालतो आणि त्याबद्दल मला कोणी रात्री उठवलेलं नाही. त्याला हात लावायचा नाही.

मामा — उठवलं की?

भाची — तेव्हा बघू. आधी मला ते स्क्विरल दाखव, कॉलम बदलल्यावर ओरडतं म्हणालास ते. आमचा एक टेबल आहे, त्याचं नाव सांगते, तू लॅपटॉप उघड.